नियमाशेजारी कारणही लिहा

सायकल कशाकशाची बनते, असा प्रश्न वर्गात विचारला तर पाच मिनिटांत फळा भरून जाईल. फ्रेम, हँडल, दोन चाके, स्पोक, टायर, ट्यूब, सीट, पेडल, साखळी, ब्रेक, घंटी, स्टँड, कॅरिअर. यादी चांगली लांबलचक होईल आणि बहुधा बरोबरही असेल. पण ही यादी हातात घेऊन एखाद्याने वेगवेगळ्या दुकानांतून एकेक भाग विकत आणला आणि तो घरी जोडायला बसला, तर सायकल उभी राहीलच याची खात्री देता येणार नाही. टायर २६ इंची आणि रिम २४ इंची निघेल. साखळी आखूड पडेल. डिस्कब्रेक आणलेला असेल, पण त्याची चकती बसवायला चाकाच्या हबवर जागाच नसेल. प्रत्येक भाग आपापल्या जागी उत्तम. पण त्यांचे एकमेकांशी जमत नाही.

म्हणजे वस्तूविषयीचे ज्ञान दोन प्रकारचे असते. तिच्यात कोणते भाग आहेत, हे पहिले. कोणता भाग केव्हा घ्यायचा, कोणाबरोबर घ्यायचा आणि कोणाबरोबर मुळीच घ्यायचा नाही, हे दुसरे. पहिल्याची यादी होते, दुसऱ्याचे नियम करावे लागतात. आपण याद्या हौसेने करतो. नियम मात्र कोणाच्या तरी डोक्यात ठेवून देतो. आणि कधी लिहिलेच, तर त्यांची कारणे लिहीत नाही. ही सवय महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

दीडशे टक्क्यांची यादी

आज मोटारगाडी विकत घेणारा माणूस इंजिन, रंग, आसने, चाके, दिवे अशा कितीतरी गोष्टी आपल्या आवडीने निवडतो. कारखान्याला प्रत्येक निवडीसाठी भागांची निराळी यादी करून ठेवणे शक्य नसते. मग तो एकच मोठी यादी करतो. तिच्यात सर्व प्रकारच्या गाड्यांचे सर्व भाग असतात. अशी सगळे भाग असलेली गाडी जगात कोठेही धावत नसते, कारण एका गाडीला दोन प्रकारची इंजिने कशी असतील? म्हणून या व्यवसायात अशा यादीला ‘१५० टक्क्यांची यादी’ असे नाव पडले आहे. त्या दीडशातून ग्राहकाची शंभर टक्के गाडी काढायची, ती नियमांच्या साहाय्याने. यादीतल्या प्रत्येक भागापुढे तो केव्हा घ्यायचा, हे लिहिलेले असते. याला आपण समावेशाचा नियम म्हणू.

हे नियम मुख्यतः चार तऱ्हांचे असतात. काही भाग नेहमीच घ्यायचे असतात. जसे सायकलची फ्रेम. काही भाग दुसऱ्या भागामागून येतात. डिस्कब्रेक घेतला की चकती बसेल असा हब घ्यावाच लागतो. काही भाग एकमेकांशी वैर धरतात. साखळीला पूर्ण झाकणारे चेनकव्हर असेल, तर साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर बसवायला जागा उरत नाही. आणि काही नियम संख्येचे असतात. तारेने ओढले जाणारे ब्रेक जितके, तितक्या तारा.

एवढे चार प्रकार पाहून हे काम सोपे वाटेल. पण थोडे गणित करू. समजा, एखाद्या वस्तूत ‘हवे’ किंवा ‘नको’ असे सांगण्याजोग्या २० गोष्टी आहेत. तर त्या वस्तूचे २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ प्रकार होतात. एका मिनिटाला एक या वेगाने रात्रंदिवस तपासत बसलो तरी जवळजवळ दोन वर्षे लागतील. गोष्टी ३० झाल्या, तर याच वेगाने दोन हजार वर्षे पुरणार नाहीत! तेव्हा प्रत्येक प्रकार करून पाहणे हा मार्गच बंद होतो. नियमांवर विसंबावे लागते. आणि ज्यावर विसंबायचे, ते भरवशाचे आहे की नाही हे पाहणे ओघानेच आले.

एक्सकॉनची गोष्ट

या विषयात ज्याचे उदाहरण नेहमी दिले जाते, तो संगणकांच्याच कारखान्यात घडलेला प्रयोग आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मेनार्ड नावाच्या गावी लोकरीच्या एका जुन्या गिरणीत १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी सुरू झाली. १९७७ साली तिने व्हॅक्स-११/७८० हा संगणक बाजारात आणला. त्या काळचा संगणक आजच्यासारखा एका खोक्यात बंद होऊन येत नसे. कपाटाएवढ्या पेट्या, त्यांत खोचायचे पत्रे, स्मृतीचे भाग, चकत्यांची यंत्रे, छपाईयंत्रे, वीजपुरवठ्याचे भाग आणि या सर्वांना जोडणाऱ्या केबली अशा शेकडो भागांतून ग्राहकाच्या गरजेप्रमाणे एकेक संगणक जुळवावा लागे. विक्रेता मागणी लिहून आणी. पण विक्रेता काही तंत्रज्ञ नव्हे. परिणाम असा होई की यंत्र पोचले पण केबल नाही, पेटी पोचली पण तिच्यात भाग मावत नाही. राहिलेले भाग मग कंपनीला पदरमोड करून पाठवावे लागत.

कारखान्यातील जाणते तंत्रज्ञ मागणी तपासून या चुका काढीत. हे काम संगणकाकडून करून घ्यावे म्हणून कंपनीने नेहमीच्या पद्धतीच्या आज्ञावली लिहून पाहिल्या. एकदा फोर्ट्रान भाषेत, एकदा बेसिकमध्ये. दोन्ही प्रयत्न फसले. मग पिट्सबर्गच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ साली निराळी वाट धरली. ‘आधी हे कर, मग ते कर’ अशी आज्ञांची लांब साखळी लिहिण्याऐवजी त्यांनी तंत्रज्ञांचे ज्ञान सुट्या नियमांच्या रूपात मांडले. प्रत्येक नियम ‘जर अमुक परिस्थिती असेल, तर तमुक करावे’ अशा घाटाचा. समोरच्या मागणीला कोणता नियम लागू पडतो, हे त्या त्या वेळी संगणकाने शोधायचे. या आज्ञावलीला मॅकडरमॉट यांनी आर-१ असे नाव दिले; कंपनीत ती एक्सकॉन या नावाने ओळखली जाई. ती १९८० पासून प्रत्यक्ष कामाला लागली. मागणीत काय राहिले आहे ते भरून काढणे, कोणता भाग कोणत्या पेटीत कोठे बसेल ते ठरवणे, एवढेच नव्हे तर पेट्या खोलीत कशा मांडाव्या आणि केबली कोठून कोठे न्याव्या, हेही ती सांगे. १९८६ पर्यंत तिने सुमारे ८०,००० मागण्या हाताळल्या. त्यांतील ९५ ते ९८ टक्के बिनचूक होत्या, आणि तिच्यामुळे कंपनीचे वर्षाला अडीच कोटी डॉलर वाचतात असा अंदाज केला गेला.

हे यश मोठेच होते. पण विद्यार्थिमित्रांनो, मला या गोष्टीतला दुसरा भाग अधिक शिकण्यासारखा वाटतो. तंत्रज्ञांना ‘तुमचे नियम सांगा’ असे विचारले तर त्यांना सारेच काही सांगता येत नसे. त्यांच्यापुढे यंत्राने केलेली चुकीची जुळणी ठेवली की मात्र ते चटकन म्हणत, की हे असे चालणार नाही, कारण असे असे आहे. मग एक नवा नियम लिहिला जाई. सुरुवातीला हजाराच्या आत असलेले नियम १९८७ च्या सुमारास ६,२०० च्या वर गेले. त्यातही दरवर्षी जवळजवळ निम्मे नियम बदलावे लागत, कारण दरवर्षी नवे भाग येत आणि जुने बंद होत. एक नियम बदलला की तो दुसऱ्या कोणत्या नियमाच्या पायात येईल, हे सांगणे कठीण होऊन बसले. शेवटी नियम कसे लिहावेत आणि त्यांची वर्गवारी कशी करावी, यासाठीच कंपनीला नवी पद्धत तयार करावी लागली. नियम एकदा लिहून संपत नाहीत. बागेसारखी त्यांची निगा राखावी लागते.

दोन प्रकारच्या चुका

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. नियमांच्या चुका दोन प्रकारच्या असतात. पहिली चूक म्हणजे न जमणारी जुळणी नियमाने चालू दिली. ही चूक लगेच उघडकीस येते. पेटी बंद होत नाही, केबल पुरत नाही, ग्राहक रागावून पत्र पाठवतो. दुसरी चूक उलट प्रकारची. जमणारी जुळणी नियमाने नाकारली. हिची तक्रार कोण करणार? ती वस्तू बनलीच नाही. ग्राहकाला सांगण्यात आले, ‘असे मिळत नाही’. तो मुकाट्याने दुसरे काही घेऊन गेला. पहिली चूक ओरडते, दुसरी गप्प बसते. म्हणून दुसरी अधिक वाईट.

पुन्हा सायकलीचेच उदाहरण घेऊ. एका दुकानात चार गोष्टी निवडता येतात. गिअर, पूर्ण चेनकव्हर, डिस्कब्रेक आणि कॅरिअर. प्रत्येक गोष्ट हवी किंवा नको, म्हणजे एकूण १६ प्रकार. दुकानदाराने संगणकात दोन नियम घातले. पहिला, गिअर आणि पूर्ण चेनकव्हर एकत्र नको. दुसरा, डिस्कब्रेक आणि कॅरिअर एकत्र नको. आता किती प्रकार उरतात? कागदावर मांडून पाहा, ९ उरतात.

दुसरा नियम दुकानदाराने का घातला? कारण त्याच्याकडच्या कॅरिअरचा पाय नेमका मागच्या डिस्कब्रेकच्या कॅलिपरला अडत होता. नियम योग्यच होता. दोन वर्षांनी बाहेरच्या बाजूला वाकवलेल्या पायांचे नवे कॅरिअर आले. ते कॅलिपरला अडत नाही. आता १२ प्रकार शक्य आहेत. पण संगणक अजून ९ च प्रकार देतो. तीन प्रकारच्या सायकली कोणाला मिळत नाहीत आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. दुकानात नवा माणूस आला आहे. त्याला नियम दिसतो, पण तो काढून टाकण्याचा त्याला धीर होत नाही. न जाणो, काही कारण असेल! असा नियम मग वर्षानुवर्षे टिकतो आणि शेवटी तो नियम न राहता समजूत बनतो.

नियमाशेजारी एवढेच एक वाक्य असते, ‘कॅरिअरचा सरळ पाय कॅलिपरला अडतो’, तर? नवे कॅरिअर आले त्याच दिवशी कोणीही सांगितले असते, की आता पाय सरळ नाही, तेव्हा हा नियम फक्त जुन्या कॅरिअरला लावा. कारण लिहिलेले असले म्हणजे नियम कधी बदलायचा, हे त्यातच लिहिलेले असते.

यंत्र हे काम करील काय?

यावर कोणी म्हणेल, नियम तपासण्याचे काम संगणकालाच का देऊ नये? ते दिले जाते, आणि त्याचा फार उपयोगही होतो. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाच्या वोल्फगांग क्युख्लिन आणि कार्स्टन झिंझ यांनी मर्सिडीझ गाड्यांच्या नियमांवर केलेले असे काम २००० साली प्रसिद्ध झाले. त्यांनी नियमांचे रूपांतर तर्कशास्त्राच्या सूत्रांत केले आणि संगणकाला प्रश्न विचारले. ग्राहकाला देऊ केलेली, पण नियमांमुळे कधीच घेता येणार नाही अशी एखादी निवड आहे काय? कोणत्याही गाडीत कधीच बसू शकणार नाही असा एखादा भाग यादीत पडून आहे काय? एकाच जागेसाठी दोन भाग एकाच वेळी निवडले जातात काय? एकही गाडी न बनवता अशी उत्तरे मिळावीत, ही तर्कशास्त्राची मोठी करामत आहे.

पण तिची मर्यादा ध्यानात घ्या. आपला सायकलीचा दुसरा नियम या कसोटीवर सहज उतरेल. तो पहिल्या नियमाला छेद देत नाही. त्याच्यामुळे कोणताही भाग निरुपयोगी होत नाही. डिस्कब्रेकही विकला जातो आणि कॅरिअरही. तर्काच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. तरीही तो खोटा आहे, कारण प्रत्यक्षातले कॅरिअर बदलले आहे. नियम नियमाशी जुळतो की नाही, हे तर्कशास्त्र सांगते. नियम लोखंडाशी जुळतो की नाही, हे दुकानात जाऊनच पाहावे लागते.

दुसरे कोणी म्हणतील, आता तर संगणक उदाहरणांवरून स्वतःच शिकतात. जुन्या हजारो मागण्या दाखवल्या तर काय कशाबरोबर चालते ते त्यांना आपोआप कळेल; नियम लिहायचा खटाटोप कशाला? या पद्धतीची ताकद मी नाकारत नाही. पण दोन अडचणी आहेत. नव्या भागाची जुनी मागणी असत नाही. आणि जी सायकल नियमाने कधी बनूच दिली नाही, तिची नोंद जुन्या मागण्यांत कोठून सापडणार? मुकी चूक नोंदींतही मुकीच राहते. नोंदींवरून शिकणारे यंत्र तीच चूक निष्ठेने पुढे चालवील.

तिसरा आक्षेप अनुभवी कारागिरांचा असतो. आमच्या हाताला सारे ठाऊक आहे, लिहायचे कशाला? त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदरच आहे. एक्सकॉन शेवटी अशाच माणसांच्या ज्ञानावर उभी होती. पण माणूस निवृत्त होतो, नोकरी बदलतो. त्याने लिहून ठेवलेला नियम मागे राहतो, न लिहिलेले कारण त्याच्याबरोबर जाते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनीसुद्धा राहिली नाही. १९९८ साली ती कॉम्पॅक कंपनीने विकत घेतली. कारागिराचा मान राखायचा असेल, तर त्याला ‘काय करता’ एवढेच विचारू नये, ‘का करता’ हेही विचारावे आणि त्याच्या नावानिशी लिहून ठेवावे.

शाळेत काय करता येईल?

हे सारे कारखान्यांचे झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. पण ‘जर असे असेल तर घ्या, नाहीतर नाकारा’ असे सांगणारी यंत्रे आज केवळ कारखान्यात राहिलेली नाहीत. तुम्ही संगणकावर एखादा अर्ज भरता आणि तो पुढे जात नाही, तेव्हा मागे असाच एखादा नियम उभा असतो. तो कदाचित अगदी रास्त असेल; कदाचित वाकड्या पायाचे कॅरिअर येऊन गेल्यानंतरही उरलेला असेल. अशा वेळी ‘यंत्र नाही म्हणते’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणता नियम आड आला आणि तो कशासाठी केला होता, हे नम्रपणे पण ठामपणे विचारावे. आणि पुढे तुमच्यापैकी जे असे नियम लिहितील, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. विज्ञानाच्या किंवा कार्यानुभवाच्या दोन तासिका यासाठी द्याव्यात. वर्गाचे गट पाडावेत. प्रत्येक गटाने एक साधी वस्तू घ्यावी. सायकल चालेल, विजेरी चालेल, प्रयोगशाळेतला विद्युत मंडलाचा संच तर फारच चांगला. तिच्या सर्व भागांची मोठी यादी करावी आणि मग एकेका कार्डावर एकेक नियम लिहावा. कार्डाच्या मागच्या बाजूला चार गोष्टी हव्यात: नियमाचे कारण, लिहिणाऱ्याचे नाव, तारीख, आणि काय बदलले तर हा नियम रद्द करावा. विजेरीचेच पाहा. ‘दोनच सेल घालावेत’ हा नियम झाला. मागे लिहा, ‘आतला दिवा ३ व्होल्टचा आहे; दिवा बदलल्यास पुन्हा विचार करावा.’

दुसऱ्या तासिकेला गटांनी कार्डे आपसांत बदलावीत. शिक्षकांनी प्रत्येक वस्तूतला एक भाग बदलल्याचे जाहीर करावे. विजेरीत ३ व्होल्टच्या दिव्याऐवजी ४.५ व्होल्टचा दिवा आला, असे समजा. आता दुसऱ्याने लिहिलेल्या कार्डांतून कोणती कार्डे बदलायची, ते गटाने शोधावे. काही गटांना मुद्दाम मागची बाजू कोरी असलेली कार्डे द्यावीत. कारणे वाचणारा गट किती वेळात काम उरकतो आणि कोरी कार्डे घेऊन बसलेला गट कोठे अडतो, याची नोंद वर्गानेच करावी. मी येथे जे मत मांडले आहे, ते केवळ मी म्हणतो म्हणून स्वीकारू नका. या प्रयोगाने ते तपासून पाहा.